आईनं सोडलेले शनिवार

नगरची माझी आजी फोनवर बोलायला चर्चची साडी नेसून जायची. पांढरी, बारीक निळ्या काठांची, घरीच खळ घातलेली. फोन तिच्या घरी नव्हता. मिशनच्या आवारातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि फोन होता दोन गल्ल्या पलीकडे, औषधांचं दुकान चालवणाऱ्या देशमुखकाकांच्या घरी. शनिवारी संध्याकाळी ती केस विंचरून, अंबाड्याला जाळी लावून निघायची आणि देशमुखांच्या बैठकीत फोनशेजारच्या स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसायची. "आई, फोनवर तुला बघतंय कोण?" असं माझी आई इकडून हसत विचारायची. "देशमुख बघतात की," आजी म्हणायची, आणि मग लगेच, "आणि मी गबाळ्यासारखी बसले असते तर तुला आवाजावरून कळलं नसतं होय?" मिशनच्या मुलींच्या शाळेत तिनं उभी हयात गणित शिकवलं होतं. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

इकडे म्हणजे जर्सी सिटीत. पप्पांना पुण्याच्या कंपनीनं पाठवलं होतं, आणि नदीपलीकडच्या एका बँकेतल्या कॉम्प्युटरच्या कामात ते असे काही अडकले की आम्ही इथलेच झालो. नदीकाठच्या उंच बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. खिडकीतून मॅनहॅटन दिसायचं. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक, पण आईनं त्या खिडकीत कपडे वाळत घालायची दोरी बांधायचा प्रयत्न केला आणि बिल्डिंगच्या ऑफिसातून माणूस आला, तेव्हापासून ती खिडकी तिच्या मनातून उतरली ती उतरलीच. आईचा व्हिसा डिपेंडंट होता, नोकरी करायची सोय नव्हती. नगरला ती पाचवी-सहावीला मराठी शिकवायची आणि वर्गभर पोरींना नुसत्या भुवईनं गप्प बसवायची. इथं भुवई उचलून धाक दाखवायला घरात मी एकटी, आणि मी तेरा-चौदा वर्षांची, म्हणजे कशालाच न घाबरण्याच्या वयातली. दिवसभर तिच्या सोबतीला हीटरच्या पाइपांची ठकठक, लिफ्टची टिंग आणि भाकरी फुगली की कोकलणारा स्मोक अलार्म. अलार्म वाजला की पप्पा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायचे आणि छताला वारा घालायचे. इंडियन स्टोअरमधलं ज्वारीचं पीठ जुनं असायचं, भाकरी चिरायची, आणि आई दर वेळी म्हणायची, "पिठाचा दोष नाही, या घराला भाकरी सोसत नाही."

आई नगरला जाऊ शकत नव्हती. ग्रीन कार्डचे कागद चालू होते आणि अशा वेळी देश सोडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं वकिलानं पप्पांना बजावलं होतं. तिकडे आजीचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावाही हळूहळू जात होता. दर महिन्याला आईला आवाज थोडा आणखी चढवावा लागायचा. "मोठ्यानं बोल, सरोज," आजी म्हणायची, आणि आई ओट्याला टेकून, डोळे मिटून, फोनसाठी विकत घेतलेल्या कार्डाचे आकडे दाबून मिळवलेल्या त्या वेळात काय काय ओरडून सांगायची! मेथी मिळाली. एस्तूचे, म्हणजे माझे, दात पुढे येतायत. शेजारची चिनी बाई रोज हसते, पण नाव विचारलं तर कळत नाही. आजी तिकडून शेंगोळ्यांत ओवा किती घालायचा ते सांगायची. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं, आणि मी मात्र माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून सगळं ऐकायची. शनिवारी सकाळी आमचे आठ, तिकडे दिवेलागण. फोन ठेवला की आई दुपारपर्यंत गुणगुणत असायची.

आता लेंतबद्दल सांगायला हवं. लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे. प्रभूनं आपल्यासाठी प्राण दिला, त्याची आठवण म्हणून या दिवसांत प्रत्येकानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं, अशी आमच्याकडे रीत. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी पान. लहानपणी मी एकदा गणिताचा गृहपाठ सोडायला निघाले होते. या बाबतीत आजीची शिस्त करडी. शिळंपाकं देवाला द्यायचं नाही, आणि ज्यानं दुखत नाही ते अर्पण नव्हे, ती साफसफाई, असं ती म्हणायची. आईनं हे वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या अंगातच मुरलं होतं. पण अमेरिकेत आल्यावर तिची पंचाईत झाली. इथं काय सोडलं म्हणजे दुखेल? चहा सोडला तर कॉफी आहे, ज्यूसच्या पाच तऱ्हा आहेत. मटण सोडलं तर चीज आहे, मश्रूम आहेत, दुकानात उभी भिंत भरून ब्रेड आहेत. एका लेंतमध्ये तिनं गोड सोडलं आणि तिला स्वतःलाच ते पंधरा दिवस आठवलं नाही. त्याची तिला फार लाज वाटली होती.

राखेच्या बुधवारी लेंत सुरू होतो. त्याच्या आदल्या शनिवारी, जेवताना, आईनं जाहीर केलं, "या वर्षी मी शनिवारचा फोन सोडतेय."

पप्पांचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे ईस्टरपर्यंत आईला फोन नाही."

"अगं, चहा सोड ना यार. नाहीतर टीव्ही कॅन्सल कर. फोन कुठं सोडतात?"

"टीव्ही गेला तर मला काय होणारे? मी बघते कुठं?"

पप्पांनी आवाज खाली आणला. "सरोज, हा नवस आहे का? ग्रीन कार्डसाठी?"

आई भडकलीच. "आपल्यात नवस करतात का? काहीतरी मागून मग दिलं तर तो सौदा झाला. मला काही नको. मला फक्त एकदा नीट द्यायचंय."

"दॅट्स नॉट फेअर टू आजी," मी म्हणाले. आईशी मराठीत भांडणं मी त्या वर्षी बंद केलं होतं.

"मराठीत बोल, आणि भाजी संपव," आई म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आजीला त्या सकाळच्या फोनवरच सांगून टाकावं एवढं काही तिला सुचलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं देशमुखांकडे फोन करून आजीला मुद्दाम बोलावून घेतलं. सांगताना तिला दोनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा आजीला ऐकू गेलं असावं, कारण पलीकडे इतकी शांतता झाली की आईला वाटलं लाइन तुटली. मग आजी म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं, "मग ईस्टरलाच बोलू. तब्येतीला जप." एवढंच. आई मला म्हणाली, "बघ, आजीला समजलं." मला त्या 'बरं'मधलं काही कळलं नाही. आज कळतं, कारण अगदी तोच शब्द गेल्या महिन्यात माझ्या तोंडून निघाला.

मी आता टेक्सासात, प्लेनोला राहते. मोठं घर, मागं अंगण, माणसं दोनच, आणि त्यातलं एक गुडघेदुखीनं बेजार. माझी मुलगी हन्ना रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती गिटार वाजवणाऱ्या अमेरिकन चर्चमध्ये जाते आणि मनापासून जाते, त्याचं मला समाधान आहे. लेंतच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "मम्मा, फॉर लेंट आयम गिव्हिंग अप माय फोन. फक्त ऑफिसचं ठेवलंय. नो कॉल्स, नो टेक्स्ट्स, टिल ईस्टर. यू ओके विथ दॅट?" मी म्हटलं, "बरं." तिला एवढं मराठी कळतं. फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्याशी तशीच उभी होते. हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण तेवढंच आहे.

तर ते शनिवार. पहिल्या शनिवारी आठ वाजता आईनं ओव्हन घासायला काढला. दुसऱ्या शनिवारी खिडक्या. पप्पा सकाळपासून घरात चोरासारखे वावरायचे. फोन भिंतीवर होता, त्याच्यासमोरून जाताना आई मान वळवायची. ती गुणगुणायची बंद झाली, आणि घरात हीटरची ठकठक एकदम मोठी झाली. लेंतच्या त्या काळात ती वाळली, पण चिडचिड नाही, तक्रार नाही, उलट चेहऱ्यावर एक प्रकारचं शांत तेज. त्याची मला भीती वाटायची. तिला दुखत होतं आणि दुखतंय याचं तिला बरं वाटत होतं. मी एकदा विचारलं, "आजी काय करत असेल आता?" तेव्हा ती म्हणाली, "प्रार्थना करत असेल," आणि स्पंज पिळून पुन्हा घासायला लागली.

शनिवारी आमची उपासनाही असायची. जर्सीतली आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं मिळून आमची मंडळी, आणि एका जुन्या दगडी चर्चच्या तळघरातला हॉल आम्हाला शनिवारपुरता मिळायचा, कारण रविवारी मालकांची स्वतःची उपासना. पेटी गायकवाडकाकूंची, तबला कोणाला येईल त्याचा. पाळककाका सोलापूरकडचे, निवृत्त, मुलाकडे राहायला आलेले. गुडघे गेलेले म्हणून स्टुलावर बसून उपदेश करायचे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. त्याची भाकर आणि द्राक्षारस आईकडे. दुकानात द्राक्षाचा रस बाटल्यांनी मिळायचा, तरी आई गावाकडच्यासारख्या काळ्या मनुका रात्री भिजवायची, सकाळी उकळून, कुसकरून, धुवट फडक्यातून गाळायची. पांढऱ्या ब्रेडच्या कडा कापून बारीक चौकोन करायची. त्या कडांना कांदा, हळद, मिरची घालून फोडणी द्यायची, तो आमचा नाश्ता. त्या फोडणीच्या वासाशी प्रभुभोजन माझ्या मनात कायमचं जोडलं गेलंय. अजून कुठं मोहरी तडतडली की मला आधी तो तळघरातला हॉल आठवतो.

प्रभुभोजनाची एक रीत आमच्या जुन्या मंडळ्यांत फार कसोशीनं पाळतात. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी आहे, त्यानं भाकर घ्यायची नाही. आधी जाऊन मिटवायचं, मग मेजाशी यायचं. पाळककाका दर वेळी मेजावरचं पांढरं फडकं उचलण्याआधी थांबायचे आणि सगळ्यांवरून नजर फिरवायचे. "कोणाचं कोणाशी काही असेल तर आत्ताच मोकळं करा." मग गायकवाडकाकू शिरसाटकाकूंकडे वळून म्हणायच्या, "त्या पुलावाचं मी मनात ठेवलेलं नाही हं," आणि शिरसाटकाकू म्हणायच्या, "मीही नाही, मीठ कमी होतं हे खरंच होतं." हशा व्हायचा. पण ताट पुढे आलं आणि कोणी भाकर घेतली नाही, तर तो हशा कुठल्या कुठे जायचा. नगरला आजीच्या चर्चमध्ये दोन सख्खे भाऊ विहिरीच्या भांडणापायी कित्येक वर्षं भाकरीशिवाय घरी जायचे म्हणे, आणि सगळं गाव ते बघायचं.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शनिवार होता तो. म्हणजे ईस्टर आता आठवड्यावर आला होता. सकाळी आठच्या सुमाराला आई ब्रेडच्या कडा कापत होती आणि फोन वाजला. एकच रिंग. पप्पा उठेपर्यंत बंद. आईच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"टेलिमार्केटिंगवाले असतील," पप्पा म्हणाले.

"शनिवारी?"

"मग राँग नंबर."

 आईनं राहिलेल्या कडा कापल्या, पण सगळे चौकोन वाकडे आले, आणि फोडणीत मोहरी करपली. गाडीत ती रसाची बाटली मांडीवर धरून बसली होती आणि मला मागच्या सीटवरून तिचा फक्त कान दिसत होता. ती पूर्ण रस्ताभर काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली होती.

त्या दिवशी ताट फिरवायची पाळी पप्पांची होती. पाळककाकांनी फडकं उचललं, प्रार्थना केली आणि पप्पा ताट घेऊन पहिल्या रांगेत, म्हणजे आमच्याकडेच, आधी आले. आई टोकाला बसलेली. पप्पांनी ताट तिच्यासमोर धरलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले.

"घे ना," पप्पा कुजबुजले.

आईनं मान हलवली. पप्पा बिचारे तिथंच खिळले. पुढे जावं तर बायकोला टाकून गेल्यासारखं, थांबावं तर सगळी मंडळी बघतेय. पेटी थांबली.

"विलासराव, थांबा जरा," पाळककाका स्टुलावरून म्हणाले. "काय झालं, सरोज? कोणाशी काही?"

"माझ्याशी नाही हं," गायकवाडकाकू घाईघाईनं म्हणाल्या.

आई उभी राहिली. ती बोलायला लागली तेव्हा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट होता, फक्त शेवटी शेवटी फाटला. "काका, भांडण नाही. मी लेंतमध्ये आईला फोन करणं सोडलं. मी म्हटलं, माझी सगळ्यात आवडती गोष्ट देवाला देतेय. पण ती गोष्ट नव्हतीच. ती माझी आई होती. तिचे कान जातायत, आणि मी तिला न विचारता तिलाच देवाला देऊन टाकलं."

 मला वाटलं आता काका काहीतरी लांबलचक बोलतील. त्यांनी फक्त पप्पांना खुणेनं ताट मेजावर ठेवायला सांगितलं आणि पांढरं फडकं पुन्हा त्याच्यावर ओढलं.

"अगं, मग इथं काय बसलीस? आत किचनमध्ये फोन आहे ना?"

"पण उपासना..."

"आम्ही गातो तोवर. भाकर काही पळून जात नाही. एस्तेर, जा गं आईबरोबर."

किचनमध्ये भिंतीवर फोन होता, लांब पिळाच्या वायरचा. आईनं पर्समधून फोनचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं, आणि आकडे मी दाबले. तिकडे नऊ वाजून गेले असणार. देशमुखकाकांचा आवाज इतका खणखणीत की मला बाजूला उभ्या उभ्या सगळं ऐकू येत होतं.

"सरोज? अगं, आत्ताच गेल्या बघ आजी! जेवायची वेळ टळली म्हणून मीच उठवलं त्यांना."

"आज? आज कशाला आली होती आई?"

"आज कशाला म्हणजे? दर शनिवारी येतात की. सहाला येतात, स्टुलावर बसतात. मी म्हटलं, आजी, फोन येणार नाही असं तुम्हीच म्हणालात ना? तर म्हणाल्या, माहीत आहे, पण शनिवार आहे. पांढरी साडी नेसून येतात गं. आमची मंडळी चहा करते, तोही नको म्हणतात. थांब, फोन ठेवू नको. मी आलोच घेऊन."

आई भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली जमिनीवर बसली, वायर ताणून. हॉलमधून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी लांबातलं लांब भजन काढलं होतं, आणि एक कडवं संपलं की गायकवाडकाकू पुन्हा पहिल्यावर येत होत्या. फोनमध्ये देशमुखांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग चपला, मग धाप.

"हॅलो. कोण आजारी आहे?"

"कोणी नाही, आई. मीच आहे."

"मोठ्यानं बोल."

"मी आहे! सरोज!"

"ते कळलं. झालंय काय?"

"आई, मी चुकले!"

"काय?"

आईनं श्वास घेतला आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडली, "मी चुकले, आई! मला माफ कर!" नेमकं त्याच वेळी हॉलमधलं भजन संपलं. माझ्या आईचा तो कबुलीजबाब तळघरातल्या प्रत्येक माणसानं ऐकला. आईला त्याची शुद्ध नव्हती.  मग आजी बोलली, ते मात्र फक्त आम्हा दोघींना ऐकू आलं. तिचा आवाज आधी कधी असा ऐकला नव्हता, अगदी लहान.

"तू कशाची चुकलीस? मीच शिकवलं तुला, दुखेल ते द्यावं म्हणून. मग मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते? पण इतकं दुखतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं गं."

आई रडत होती. मीही. आजीनंच शेवटी नाक ओढलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"नाही. प्रभुभोजन व्हायचंय. सगळे थांबलेत."

"माणसं ताटकळत ठेवून फोनवर बोलतेस? जा आधी. आणि सोडू नकोस आता काही. चहा सोड फार तर."

"आई, सकाळी तू रिंग दिली होतीस का? एकच?"

"मी कुठली देणार? देशमुखांच्या फोनवरून परदेशी लागत नाही."

ती रिंग कोणाची होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. पप्पा शेवटपर्यंत राँग नंबरच म्हणत राहिले.

आम्ही हॉलमध्ये आलो तर कोणी आमच्याकडे बघितलं नाही, सगळे वहीत, चपलांत, छताकडे बघत होते. शिरसाटकाकूंनी तेवढा सरकून आईला जागा दिली आणि हातात रुमाल कोंबला. पाळककाकांनी फडकं पुन्हा उचललं. एरवी ते भाकर मोडताना नेहमीचेच शब्द बोलायचे. त्या दिवशी त्यांनी थोडं आपलं घातलं. "प्रभूनं दिला तो स्वतःचा प्राण दिला. दुसऱ्या कोणाचा दिला नाही. आणि क्रुसावर टांगलेला असतानासुद्धा आधी आईची सोय लावली, मग प्राण सोडला. आपण त्याच्यापेक्षा जास्त कडक व्हायला जाऊ नये." मग पप्पा ताट घेऊन आईपुढे आले. आईनं भाकर घेतली. ते चौकोन वाकडे होते आणि त्या दिवशी मला ते फार आवडले.

अर्पणाविषयी पुढे मी पुष्कळ ऐकलं. शिकलेल्या पाळकांचं, दोन भाषांत. यज्ञ म्हणजे काय, तो एकदाच आणि सगळ्यांसाठी कसा झाला, त्यात आपण काही भर घालू शकत नाही, हे सगळं मला पटतं. पण विश्वास म्हणून माझ्या हाताला लागतं ते एवढंच, एक स्टूल, त्याच्यावर पाठ ताठ करून बसलेली म्हातारी, आणि फडकं झाकून गात थांबलेली माणसं. आईनं दिलेलं अर्पण देवानं घेतलं की नाही ते मला माहीत नाही. आजी दर शनिवारी दोन गल्ल्या चालत जाऊन जे देत होती, ते त्यानं घेतलं असावं असं मला वाटतं.

पुढच्या नाताळापर्यंत आजीचा डावा कानही गेला. आईनं शनिवार सोडले नाहीत. ती फोन लावायची, आजी एकटीच आठवडाभराचं सगळं बोलून घ्यायची आणि मध्येच विचारायची, "ऐकतेस ना गं?" आई इकडून "ऐकतेय" म्हणायची, मोठ्यानं, ऐकू जाणार नाही हे माहीत असून. शेवटी देशमुखकाका फोन घ्यायचे आणि आई काय म्हणते ते आजीला कागदावर लिहून दाखवायचे. आजीला नीट ऐकू येत होतं त्या अखेरच्या महिन्यांतले ते सोडलेले शनिवार आई कधी विसरली नाही. ग्रीन कार्ड आल्यावर आम्ही नगरला गेलो. आजी आईच्या गळ्यावर हाताचा पंजा ठेवायची आणि म्हणायची, "गा." आई गायची. आजी डोळे मिटून, आवाज ऐकू येत नसताना, बरोबर समेवर मान डोलवायची. मी ते दारात उभी राहून पाहिलं आहे. मला आईच्या गळ्यावर तसा हात ठेवायचा होता आणि मी ठेवला नाही, कारण मी मोठी झाले होते. आता आईही नाही. तिचा आवाज कसा होता ते मला आठवतं आणि ऐकू येत नाही.

आईच्या कपाटात आजीची ती पांढरी साडी निघाली. काठ विटलेत, पण खळ घातली की अजून ताठ उभी राहते. हन्नाला मी काही समजावलं नाही. ती शब्दाची पक्की आहे, पणजीवर गेलीय, आणि तिचं तिला कळायला हवं. लेंत लागल्यापासून शनिवारी सकाळी मी केस विंचरते, साडी नेसते आणि चहा घेऊन फोनशेजारी बसते. माझे यजमान एकदा विचारून गेले, "कोणी येणारे का?" मी म्हटलं, "नाही. शनिवार आहे."

आजीला बिचारीला बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, देशमुखांच्या फोनवरून परदेशी लागत नव्हतं. माझ्या फोनवरून रेडमंड लागतं. काल मी हन्नाचा नंबर लावला, एक रिंग वाजू दिली, आणि ठेवून दिला.